आधी तासगावची गाडी धरा

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीचा. वय ४७. वडिलांचे ८ साधे माग होते, मी १६ केले. सूत देऊन बाहेरच्या खर्चीवाल्यांकडूनही कापड विणून घ्यायचो. २०१९च्या महापुरात पंचगंगेचं पाणी कारखान्यात शिरलं. मोटारी, बीमं, सूत, सगळं गेलं. त्यातून उठतोय तोवर लॉकडाऊन लागला. २०२२ साली परराज्यातल्या एका पार्टीनं १९ लाखांचं कापड उधारीवर उचललं आणि गाळा बंद करून गायब झाली. बँक, पतसंस्था, सूत व्यापारी, सुताला खळ लावणारे सायझिंगवाले, एक खासगी सावकार, बायकोची भिशी असं सगळं मिळून ६२ लाख देणं झालं. घर बँकेनं लिलावात काढलं, माग भंगारवाल्यानं किलोवर नेले. गेल्या श्रावणात कोर्टानं मला नादार म्हणजे दिवाळखोर ठरवलं. वकील म्हणाले, सुटलात एकदाचे. आता भाड्याच्या दोन खोल्यांत आहोत. बायको कांड्या भरायला जाते, मुलगी बारावीला आहे. माझ्याच एका जुन्या खर्चीवाल्यानं त्याच्या शटललेसच्या कारखान्यात जॉबर म्हणून, म्हणजे माग जुळवायला-दुरुस्त करायला, बोलावलंय. ज्याला मी काम दिलं त्याच्याकडे कामाला कसा जाऊ? त्यापेक्षा चाकणला जावं, तिथं कुणी ओळखत नाही. नाहीतर बायकोच्या नावानं चार माग टाकावेत, चुलतभाऊ पैसे घालायला तयार आहे. सिबिल किती दिवसांत सुधारेल? रात्री झोप नाही. जन्मभर खटखटीत झोपलोय, आता शांततेनं जाग येते. दोन-दोनला उठून शेजारच्या कारखान्याच्या भिंतीला टेकून उभा राहतो. कधी वाटतं, संपवून टाकावं.
ता. क. पतसंस्थेला मेहुणा जामीन आहे. तासगावला शाळेत क्लार्क आहे. त्याच्या पगारातून कपात सुरू झालीय. दोन वर्षं बायको भाऊबीजेला गेली नाही.
– एक माजी कारखानदार

भाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी त्या भिंतीचं बोलू. ‘संपवून टाकावं’ असं एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात, पण मला तसं पुढे जाता येत नाही. हे वहिनींना आजच सांगा, याच शब्दांत सांगा. त्यांना काही माहीत नाही अशा समजुतीत राहू नका. रात्री दोनला शेजारचं अंथरूण रिकामं झालेलं बायकोला कळतं, ती फक्त बोलत नाही. आणि १४४१६ हा नंबर फोनमध्ये घाला. टेलिमानस म्हणतात त्याला. सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. भिंतीला टेकून उभे असाल तेव्हा तिथूनच लावा. झोपेसाठी सरकारी दवाखान्यात केसपेपर काढा आणि डॉक्टरला भिंतीसकट सगळं सांगा. बाकीचं मी जे लिहिणार आहे ते झोपलेल्या माणसाला झेपेल, जागरणातल्या माणसाला नाही.

आता तुमच्या ता. क.कडे येते. चार पानी पत्रात तुम्ही सिबिल विचारलंत, चाकण विचारलंत, नवे माग विचारलेत. मेहुण्याबद्दल मात्र काहीच विचारलं नाहीत, नुसतं सांगून ठेवलंत. मी २६ वर्षं पतसंस्थेत नोकरी केली, त्यातली ९ वसुलीत. कर्जदार माझ्यापुढे रडलेले आहेत, भांडलेले आहेत, मागच्या दारानं पळालेलेही आहेत. पण माझ्या लक्षात राहिलेत ते जामीनदार.

त्यातले एक एसटीत कंडक्टर होते. मित्राच्या बेकरीला जामीन राहिलेले. बेकरी बसली, आमच्या संस्थेनं सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळवला आणि कपात यांच्या पगारावर आली. दर महिन्याला पगार झाला की हे आमच्याकडे यायचे, समोरच्या बाकावर बसायचे, पावती मागायचे. पगारातून कापलेल्या पैशांची पावती लागत नाही, असं मी त्यांना चारदा सांगितलं. तरी यायचे. एकदा पाऊस लागला म्हणून थांबले होते, तेव्हा म्हणाले, “मॅडम, मला पैशाचं नाही हो. माझ्या पोरांना मी समजावलंय, तीन वर्षं काढू. पण तो मला बघितला की गल्ली बदलतो. काल माझ्याच बसला हात केला आणि मी दारात दिसल्यावर खाली उतरला.” त्या पावत्या ते कशासाठी जमवत होते हे मला तेव्हा कळलं. त्यांना कुणीतरी ‘तुम्ही भरताय ते मला माहीत आहे’ असं म्हणायला हवं होतं. म्हणणारा गल्ली बदलत होता, म्हणून ते आमच्याकडून शिक्का मारून घेत होते.

तुमचा मेहुणा या महिन्यातही तेच सोसतोय, भाऊ.

आपल्या बाजारात दिवाळ्याचे दोन शब्द आहेत, तुम्हाला मी सांगायला नको. एक, दिवाळं निघालं. दुसरा, दिवाळं काढलं. पहिल्यात माणूस बुडतो, दुसऱ्यात माणूस बुडवतो. गावात कुणाचं नाव निघालं की पहिला प्रश्न हाच येतो, ‘निघालं का काढलं?’ पुढची दहा वर्षं तुम्हाला सूत कोण देईल, तुमच्या मुलीच्या लग्नात जेवायला कोण बसेल, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं. लोक ते उत्तर कोर्टाच्या कागदात बघत नाहीत. जामीनदाराच्या घरी तुमचं येणं-जाणं आहे का, तेवढं बघतात.

गंमत नाही सांगत, पण कायदासुद्धा जवळपास हेच विचारतो. म्हणून आता कायद्याचं थोडं नीट ऐका, कारण ‘सुटलात एकदाचे’ हे वकिलांनी घाईत सांगितलंय. तुम्ही सुटलेला नाही. २०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला, पण व्यक्तींबद्दलचा त्याचा भाग २०१९च्या डिसेंबरपासून फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू झाला. तुमच्यासारख्या साध्या कारखानदाराला आजही १९२०चा प्रांतिक नादारी कायदाच लावतात. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कायद्यात ५०० रुपये देणं असलं तरी नादारीचा अर्ज करता येतो, यावरून तो किती जुना ते बघा. माझं स्पष्ट मत आहे की बुडालेल्या छोट्या माणसासाठी सरकारनं हे दार कधीच नीट बांधलं नाही. पण आहे त्या दारातून जायचं तर त्याची कडी कुठं आहे ते माहीत हवं.

नादार ठरवणं हा पहिला हुकूम. मुक्तता, म्हणजे देण्यातून सोडवणं, हा दुसरा. पहिल्या हुकुमातच कोर्ट मुदत घालून देतं, की इतक्या दिवसांत मुक्ततेसाठी अर्ज करायचा. तो केला नाही, किंवा सुनावणीला गैरहजर राहिलात, तर पहिला हुकूमच रद्द होतो आणि सगळे धनको पुन्हा दारात. मी अशी माणसं पाहिली आहेत. हुकूम पिशवीत घालून घरी गेली आणि मुदत विसरली. तुम्ही तो हुकूम आज बाहेर काढा आणि मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईनं लिहा. श्रावण उलटून बरेच महिने झालेत.

मुक्ततेच्या वेळी कोर्ट बघतं की तुमची मालमत्ता देण्याच्या रुपयामागे निदान आठ आणे तरी भरते का. तुमची भरणार नाही. मग तुम्हाला दाखवावं लागेल की हे ज्यामुळे झालं त्याचा दोष तुमच्याकडे नव्हता. म्हणजे पुन्हा तेच, निघालं का काढलं? ते दाखवायला कागद लागतात : २०१९चा पुराचा पंचनामा, पळालेल्या पार्टीची चलनं आणि बिलं, पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत. तक्रार दिली नसेल तर का दिली नाही याचं खरं उत्तर तयार ठेवा. हिशेबाच्या वह्या ठेवल्या नाहीत, बुडतोय हे कळूनही धंदा चालू ठेवला, या गोष्टी तुमच्या विरोधात जातात. दिवाणजी कोण होते तुमचे? त्यांना गाठा. बुडालेल्या मालकाचा दिवाणजी बहुधा बोलायला तयार असतो, त्याला कुणी विचारत नाही इतकंच.

तुमची स्वतःची येणी असतील ना? कुणाकडं कापडाचे वीस हजार, कुणाकडं सुताचे आठ. ती उधारीची वही लपवून ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. घरातली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कपडे, वहिनींचं मंगळसूत्र, तुमची हत्यारं, पीएफ, आयुर्विम्याचे पैसे, यांना कुणी हात लावू शकत नाही. पण हिशेबाची वही नादाराची राहत नाही, ती कोर्टाकडे जाते.

याच कारणानं वहिनींच्या नावानं माग टाकायचा विषय मनातून काढून टाका. चुलतभावाची माया खरी असेल, पण मुक्तता व्हायच्या आधी नादार माणसाच्या घरात चार माग उभे राहिले की सूत व्यापाऱ्याचा वकील पहिला प्रश्न विचारेल, पैसा आला कुठून? त्या दिवशी तुमचं ‘निघालं’ पुसलं जाईल आणि ‘काढलं’ लिहिलं जाईल. शिवाय वहिनींनाही कोर्टात उभं करावं लागेल. ज्या बाईनं कांड्या भरून तुमचा संसार धरून ठेवलाय तिच्या अंगावर आणखी एक कर्ज घालू नका. तुम्ही स्वतःही उधार घेताना जपा. मुक्त न झालेल्या नादारानं, आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेतली तर तो गुन्हा आहे. आकडा १९२० सालचा असला तरी कलम जिवंत आहे. किराणा रोखीनं आणा, थोडा आणा.

आता नोकरी. जा. पुढच्या सोमवारी जा.

हा माणूस तुमच्याकडे खर्चीवर विणत होता. त्याची मजुरी तुम्ही कधी अडकवली असतीत, कापडात डाग काढून पैसे कापले असतेत, तर त्यानं तुम्हाला आज बोलावलं नसतं. इचलकरंजीत जॉबरांचा तुटवडा आहे म्हणून त्यानं बोलावलं असेल असं तुम्ही म्हणाल. असेलही. पण चावी हातात देऊन रात्रपाळीला कारखाना ज्याच्या भरवशावर सोडायचा तो माणूस कुणी नुसत्या तुटवड्यापोटी निवडत नाही. साध्या मागावर धोटा, म्हणजे शटल, कुठं अडतोय हे तुम्ही आवाजावरून सांगत असाल. शटललेसला धोटाच नाही, तेव्हा सहा महिने शिकावं लागेल. शिका. ४७ हे शिकायचं वय आहे. आणि झोपेचंही त्यातच काहीतरी जमेल असं मला वाटतं, कारण भिंतीच्या बाहेर उभं राहून जे ऐकताय ते आतून ऐकायला मिळेल.

चाकणला जाऊ नका असं म्हणण्याची माझी दोन कारणं आहेत. कोर्टाच्या तारखा हे एक. दुसरं, तिथं तुमची बदनामी पोचणार नाही हे खरं, पण तुमची ३० वर्षंही पोचणार नाहीत. तिथं तुम्ही ४७ वर्षांचे कंत्राटी हेल्पर असाल. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून या गावानं सुतातली तेजी-मंदी पाहिलीय. तुमच्या गल्लीत असा एकही कारखाना नसेल ज्याच्या मालकाचा बाप किंवा काका एकदा बसला नव्हता. ते आज तुम्हाला बघून मान फिरवत असतील तर त्यातल्या निम्म्यांना नुसतं अवघडल्यासारखं होतं, काय बोलावं सुचत नाही. तुम्ही आधी बोला. ‘कसं काय’ एवढंच.

सावकाराचं थोडक्यात. त्याच्याकडे परवाना आहे का ते बघा. २०१४च्या सावकारी नियमन कायद्याखाली बिनपरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि परवाना असला तरी मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, दामदुप्पट ती शेवटची हद्द. जागेचा कागद करून घेतला असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा, पंधरा वर्षांच्या आतले व्यवहार ते तपासू शकतात. कोरे चेक कुणाकडे आहेत त्यांची यादी वकिलांना द्या. चेक न वटल्याचा खटला नादारीनं आपोआप थांबत नाही, त्या तारखा चुकवाल तर वॉरंट निघेल. बँकेच्या वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ याच वेळात करायचे असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. त्याबाहेर आले तर वेळ लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा.

सिबिल या वर्षी विसरा. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो काढा, घराच्या लिलावानंतर बँकेनं त्या खात्याची नोंद बरोबर केलीय का एवढं तपासा आणि फाइलला लावा. ज्याला आत्ता कर्ज घ्यायचंच नाही त्यानं ३०० का ७५० याची काळजी करू नये.

मुलीचं मात्र टाळू नका. बारावीनंतर तिला इंजिनिअरिंग, फार्मसी असं काही करायचं असेल, तर महाराष्ट्रात २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यात बसत नसेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मी फी मिळते का ते कॉलेजात विचारा. दोन्हीला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. कारखानदार म्हणून मिरवलेल्या माणसाला तो कमी आकड्याचा दाखला मागताना जीव जड होतो, हे मी घरातच पाहिलंय. माझे वडील कापड दुकान बसल्यावर माझ्या फी-माफीच्या अर्जावर सही करायला तयार नव्हते. आईनं अंगठ्याच्या जागी स्वतःचं नाव गिरवलं, तेव्हा ते उठले आणि त्यांनी सही केली. निकालानंतर तहसीलला रांग लागते, दाखला त्याच्या आधी काढा.

आता शेवटचं, म्हणजे खरं तर पहिलं. तुमची मुक्तता झाली तरी जामीनदार मोकळा होत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. कपात चालूच राहील. म्हणून या रविवारी सांगलीला उतरून तासगावची गाडी धरा. वहिनींना बरोबर न्या, पण बोलायचं तुम्ही. फोन करून ‘येऊ का’ विचारू नका, विचारलंत तर तो सभ्यपणानं ‘कशाला त्रास’ म्हणेल आणि तुम्ही सुटल्यासारखे घरी बसाल. सूत, पूर, पळालेली पार्टी यांची कहाणी सांगू नका, त्याला ती पाठ आहे. ‘तुझ्या पगारातून आजवर किती कापले गेले?’ एवढं विचारा. आकडा त्याच्या समोर वहीत लिहा. किती तारखेपासून, दर महिन्याला किती. मग सांगा की सोमवारपासून कामाला जातोय आणि पगारातले दीड-दोन हजार, जे काय जमतील ते, दर महिन्याला तुला पाठवणार. आकडा लहान ठेवा, पण चुकवू नका. मजुराच्या मजुरीवर जप्ती येत नाही, तेव्हा त्यातून तुम्हाला हे करता येईल. जॉबरचा पगार त्यात बसतो का, हे तेवढं वकिलांना एकदा विचारून घ्या. आणि पतसंस्थेत दोघं मिळून जा, व्याजात सूट देऊन कर्ज मिटवायची सामोपचार योजना चालू आहे का विचारा. कर्जदार आणि जामीनदार एका बाकावर येऊन बसले की संचालक व्याज सोडायला लवकर तयार होतात, हे मी टेबलाच्या आतल्या बाजूनं कितीदा तरी पाहिलंय. एकटा आलेल्या जामीनदाराला आम्ही फक्त पावती द्यायचो.

तो चिडेल कदाचित. त्याची बायको आतून बाहेर येणार नाही. ऐकून घ्या, उत्तर देऊ नका, उठूनही जाऊ नका. परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून ठेवा, म्हणजे मध्येच घड्याळ बघावं लागणार नाही.

वहिनींना सांगा, ओवाळणीचं ताट पिशवीत घालून न्या. भाऊबीज नसली तरी चालेल.

– तुमची ताई